जिना

मार्च संपता संपता तळजाईच्या वाटेवर
दोरी बांधली, आणि दोरीला पाटी.
माझे बूट दाराबाहेरच्या मांडणीत
तसेच राहिले, हेमलता,
तळाशी टेकडीची तांबडी माती धरून.

अकरा वर्षं. पहाटे सव्वापाचला
तू खालून एकदाच शीळ घालायचीस.
बायकांनी शीळ घालू नये म्हणणारं
त्या वेळी कुणी जागंच नसायचं.
मोर ओरडला तर थांबायचं,
नाही ओरडला तरी थांबायचं,
दम लागलाय हे कुणी कुणाला सांगायचं नाही.

आणि श्रीरंग,
ज्यांना कोपऱ्यावरून दूध आणायलाही
जन्मभर स्कूटर लागली,
ते आता गच्चीवर चालतात.
सहा ते सात पुरुष. सात ते आठ ज्येष्ठ नागरिक.
महिला, आठ ते नऊ.
सोसायटीच्या नोटिशीतलं अक्षर सुबक आहे.
आठ ते नऊ म्हणजे पोहे, पाणी जायची वेळ,
भाजीचा टेम्पो आणि मिठाच्या पाण्यात बुडवलेली भाजी.
त्या तासात गच्ची रिकामी असते.
कुणाच्या तरी कुरडया वाळत असतात, एवढंच.

मनगटावरचं घड्याळ त्यांना आकडा सांगतं,
जेवताना ते आम्हाला सांगतात.
आठ हजार चारशे.
चार किलो उतरले, पट्टा सैल झाला.
नवं भोक पाडायला खिळा तापवला, तो मी.

जिम बंद म्हणून अन्वय
गव्हाच्या दहा किलोच्या पिशव्या उचलतो,
दार लावून, आरशासमोर.
तीन सेट, मधे विश्रांती.
त्या पिशव्या गेटवरून तिसऱ्या मजल्यावर
मी आणल्या होत्या, लिफ्ट बंद असताना.
मधे विश्रांती घेतली नव्हती,
दुधाची पिशवी गळत होती.

मग एक फॉर्म आला.
भाचीच्या मैत्रिणीला प्रबंधासाठी हवा होता:
टाळेबंदीच्या आधी, टाळेबंदीत.
व्यायाम, झोप, आहार.
श्रीरंगनी आपला भरला, मग माझाही घेतला.
'आधी रोज सव्वा तास. आता?'
मी कढई घासत होते.
'काहीच नाही,' ते स्वतःच म्हणाले आणि खूण केली.
'घरकाम धरायचं नसतं त्यात, स्पष्ट लिहिलंय.'
झोपेच्या प्रश्नाशी जरा थांबले.
मला विचारायला नाही, चष्मा पुसायला.

खोटं काही नव्हतं त्यात. तेच लागलं.
खांदे रोज भरून येतात,
पोटऱ्या मात्र विसरत चालल्यात.
दमून वर बघावं तर आकाश नाही,
एक्झॉस्ट फॅनची तेलकट पाती.

रात्री साडेदहाला तुझा फोन, बाथरूममधून.
तीन खोल्यांत सहा माणसं,
कडी लावता येईल अशी तेवढीच जागा.
म्हणालीस, 'बूट घाल.'
'आता?'
'घाल गं.'

तेव्हापासून तू तुझ्या जिन्यात, मी माझ्या.
कानाला फोन, मुठीत किल्ली, मास्क हनुवटीवर.
तीन मजले वर, तीन खाली.
पहिल्यावर बातम्यांतले आकडे.
दुसऱ्यावर कुणीतरी खोकतं
आणि सगळा मजला गप्प होतो.
आपण फारसं बोलत नाही.
तुझा श्वास ऐकू येतो, चढाचा, उताराचा.
'मोर,' तू मधेच म्हणतेस.
आपण थांबतो.

परवा वॉचमन ज्ञानदेव टॉर्च घेऊन वर आला.
'काही हरवलंय का, काकू?'
फोनमध्ये तू फिस्सकन हसलीस.
मी म्हटलं, हो.
तो थोडा वेळ पायऱ्यांवरून उजेड फिरवत राहिला,
मग म्हणाला, दुसऱ्या मजल्यावरचा दिवा गेलाय,
जपून चढा.